सहा आठवड्यांचे गणित : अमेरिकी विद्यापीठांतील उन्हाळी सत्राचा इतिहास

अमेरिकेतील महाविद्यालयांत एरवी पंधरा आठवडे चालणारा गणिताचा अभ्यासक्रम उन्हाळ्यात सहा किंवा आठ आठवड्यांत पुरा करण्याची जी सोय असते, तिच्याकडे आज बहुधा पदवी लवकर पदरात पाडून घेण्याचा मार्ग म्हणून पाहिले जाते. मुळात मात्र ही सोय झाली ती वर्षभर दुसऱ्यांना शिकवण्यात गुंतलेल्या आणि स्वतः शिकण्यासाठी केवळ उन्हाळाच मोकळा असलेल्या शिक्षकांसाठी.

हार्वर्डच्या उन्हाळी शाळेचा आरंभ १८७१ पासून मोजला जातो. त्या साली वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांच्या पुढाकाराने तेथे शाळाशिक्षकांसाठी वर्ग भरला. १८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील शॉटोक्वा सरोवराकाठी रविवारच्या धर्मशिक्षण वर्गांतील शिक्षकांचा मेळावा भरला आणि पुढे तेथे दर उन्हाळ्यास नाना विषय शिकवले जाऊ लागले. तेथे हिब्रू शिकवणारे विल्यम रेनी हार्पर यांचा विश्वास असा होता की, थोडे आठवडे का होईना, एकाच विषयास दिवसाचे बहुतेक तास दिले तर तो अधिक पक्का होतो. १८९२ मध्ये उघडलेल्या शिकागो विद्यापीठाचे ते पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी वर्षाचे चार समान भाग पाडले आणि उन्हाळ्याच्या भागास इतर तिन्हींच्या बरोबरीचा मान दिला. एका वेळी एक मुख्य आणि एक गौण विषय घ्यावा, आणि मुख्य विषयास गौण विषयाच्या दुप्पट तास मिळावेत, अशीही योजना त्यांनी आखली होती. आजच्या द्रुतगती अभ्यासक्रमाचे मूळ या योजनेत आहे, परंतु तिच्यातील संयम मात्र पुढे टिकला नाही.

गणिताच्या बाबतीत शिकागोचे भाग्य असे की, तेथे ई. एच. मूर, ऑस्कर बोल्झा आणि हाइनरिख माश्के हे तिघे गणितज्ञ पहिल्यापासून होते. १८९३ च्या ऑगस्टअखेर जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी जवळच्याच इव्हॅन्स्टन येथे दोन आठवड्यांत बारा व्याख्याने देऊन उन्हाळ्याच्या सुट्टीतही उच्च गणित गंभीरपणे मांडता येते हे दाखवून दिले.

या उन्हाळी वर्गांचे सर्वांत मोठे ऋण कोणावर असेल, तर ते दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय शिक्षकांवर. आपल्याच राज्यातील विद्यापीठांचे दरवाजे वर्णभेदामुळे बंद असल्याने त्यांना उच्च शिक्षणासाठी उत्तरेकडे जावे लागे, आणि नोकरी सोडणे परवडत नसल्याने उन्हाळ्यातच जावे लागे. डडली वुडर्ड यांनी हॉवर्ड विद्यापीठात शिकवत असताना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उन्हाळी सत्रांमध्ये प्रगत गणिताचे अभ्यासक्रम केले; १९२८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून त्यांना गणितातील पीएच.डी. मिळाली, तेव्हा ही पदवी मिळवणारे ते दुसरे आफ्रिकी-अमेरिकी ठरले, आणि लगेच १९२९ मध्ये त्यांनी हॉवर्डमध्ये गणिताचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. सुट्टीचे चार-दोन महिने जोडून पुढच्या पिढीसाठी एक विभाग उभा राहतो, याहून उन्हाळी सत्राची थोरवी सांगणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

घाई शिरली ती दुसऱ्या महायुद्धात. १ जुलै १९४३ रोजी १३१ महाविद्यालयांत सुरू झालेल्या नौदलाच्या ‘व्ही-१२’ या अधिकारी-प्रशिक्षण योजनेत सोळा आठवड्यांचे सत्र संपताच दुसरे सुरू होई, वर्षात अशी तीन सत्रे बसवली जात, आणि नवागतास गणित व भौतिकशास्त्र सक्तीचे असे. युद्ध संपले तरी, उन्हाळा रिकामा ठेवणे म्हणजे वेळ वाया घालवणे, ही समजूत मागे राहिली.

तिला उत्तर देणारी परंपराही त्याच काळात घडत होती. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९५३ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात महाविद्यालयीन गणितशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरवला, आणि १९५७ मध्ये आर्नल्ड रॉस यांनी नोत्र दाम विद्यापीठातील आपल्या उन्हाळी वर्गात शाळकरी मुलांना घेऊन केवळ संख्या सिद्धांत, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास, आठवडेच्या आठवडे चालवला. तेव्हा मुंबई विद्यापीठात असलेले एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले चार आठवड्यांचे उन्हाळी गणित प्रशिक्षण याच वृत्तीचे आहे. तेथे भर अभ्यासक्रम संपवण्यावर नसून विद्यार्थ्याला प्रश्न विचारून विचार करायला लावण्यावर असतो.

श्रेयांकासाठी, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या गुणभारासाठी, घेतलेल्या उन्हाळी वर्गाचे गणित मात्र वेगळे असते. आठवड्यास तीन तास याप्रमाणे पंधरा आठवड्यांचे पंचेचाळीस तास होतात, आणि वर्गातील प्रत्येक तासामागे घरी दोन तास अभ्यास धरण्याचा प्रघात असल्याने एकूण भार १३५ तासांचा होतो. तो सहा आठवड्यांत बसवला की दर आठवड्यास साडेबावीस तास पडतात. कलनशास्त्रात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, साखळी नियम हा एका फलात दुसरे फल गुंफलेले असता त्याचे विकलज काढण्याचा नियम आहे. नियमित सत्रात तो शिकल्यावर आठवडाभर उदाहरणे सोडवून, तपासलेली वही हाती आल्यावर चूक कोठे झाली ते विद्यार्थ्यास कळते. उन्हाळ्यात मात्र ती वही परत येईपर्यंत वर्ग कमाल-किमान मूल्यांच्या उदाहरणांपर्यंत पोहोचलेला असतो, आणि तेथे पुष्कळदा तोच नियम लागतो. रोज दीड तासाचा वर्ग असता एक दिवस चुकला तर नियमित सत्रातील अर्धा आठवडा बुडतो. तास तेवढेच राहतात. कमी होतात त्या दोन तासांमधल्या रात्री, आणि न सुटलेले उदाहरण बहुधा अशाच एखाद्या रात्रीनंतर सुटते. म्हणून ज्याला सहा आठवड्यांत कलनशास्त्र शिकायचे आहे, त्याने त्या उन्हाळ्यात दुसरा विषय घेऊ नये.