आदिलाबाद लोकसभा मतदारसंघ

तेलंगणाच्या उत्तर टोकाचा, अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला लोकसभा मतदारसंघ. सिरपूर, आसिफाबाद, खानापूर, आदिलाबाद, बोथ, निर्मल व मुधोळ असे सात विधानसभा मतदारसंघ त्यात मोडतात. पैकी आसिफाबाद, खानापूर व बोथ राखीव आहेत. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, मतदारसंघाची हद्द मात्र बदलली नाही. त्यामुळे तो आज आदिलाबाद, निर्मल व कुमुरम भीम आसिफाबाद या जिल्ह्यांत आणि थोडासा मंचेरियालमध्ये पसरला आहे. मंचेरियाल-बेल्लमपल्लीचा कोळसापट्टा पेद्दपल्ली मतदारसंघात जातो. खाणकामगारांचा गठ्ठा असा बाजूला पडल्याने येथील निवडणूक कापूस, जंगलजमीन आणि जमात यांच्याभोवती फिरते.

मराठी वाचकाला या मतदारसंघाचा नकाशा ओळखीचा वाटेल. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्यातील जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाला मिळाली. मुधोळ भागात मराठी बोलणारा मतदार आजही मोठ्या संख्येने आहे, तो त्यामुळे. आदिलाबादचे रेल्वे स्थानकही नांदेड विभागातच येते.

१९५२ मध्ये येथून समाजवादी पक्षाचे सी. माधव रेड्डी निवडून आले. त्यानंतर काँग्रेसने ही जागा सलग राखली. १९७७ च्या लाटेत उत्तर भारत हातचा गेला, पण आंध्रातल्या ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसकडे राहिल्या आणि आदिलाबाद त्यांतच होते. १९८४ मध्ये तेच माधव रेड्डी तब्बल ३२ वर्षांनी तेलुगू देसमतर्फे परतले आणि लोकसभेत त्या पक्षाचे नेते झाले. १९८९ मध्ये काँग्रेसचे पी. नरसा रेड्डी, १९९१ मध्ये तेलुगू देसमचे अल्लोला इंद्रकरण रेड्डी, १९९६ ते १९९९ या तिन्ही निवडणुकांत त्याच पक्षाचे समुद्राला वेणुगोपालाचारी. २००४ मध्ये तेलंगण राष्ट्र समितीचे मधुसूदन रेड्डी जिंकले. वेगळ्या राज्यासाठी त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा २००८ च्या पोटनिवडणुकीत इंद्रकरण रेड्डी या वेळी काँग्रेसकडून निवडून आले. खुल्या जागेचे हे पर्व २००९ मध्ये संपले, कारण पुनर्रचनेत जागा राखीव झाली.

राखीव झाल्यावर पक्षांच्या लढतीआड दुसरी एक लढत उभी राहिली. लंबाडा (बंजारा) समाजाला तेलंगण भागात १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. सीमेपलीकडे महाराष्ट्रात हाच समाज विमुक्त जाती-भटक्या जमातींत मोडतो. त्यामुळे महाराष्ट्रातून लंबाडा कुटुंबे येऊन जमिनी व नोकऱ्या घेतात, ही गोंड-कोलामांची जुनी तक्रार. निजामाविरुद्ध लढलेला जोडेघाटचा गोंड नेता कुमुरम भीम आणि आदिवासींवर झालेला २० एप्रिल १९८१ चा इंद्रवेल्लीचा गोळीबार यांच्या आठवणी या तक्रारीला धार देतात. २०१७ च्या अखेरीस ती उघड संघर्षापर्यंत गेली. ‘तुडुम देब्बा’ या आदिवासी संघटनेचे सोयम बापूराव त्या आंदोलनातून पुढे आले.

२००९ मध्ये तेलुगू देसमचे लंबाडा नेते रमेश राठोड विजयी झाले होते. २०१४ मध्ये तेलंगण राष्ट्र समितीच्या गोडाम नागेश या गोंड नेत्याने १,७१,२९० मतांनी बाजी मारली व राठोड तिसरे राहिले. डिसेंबर २०१८ च्या विधानसभेत या सातपैकी सहा जागा तेलंगण राष्ट्र समितीला, एक काँग्रेसला. भाजपला एकही नाही. अवघ्या चार महिन्यांनी, एप्रिल २०१९ च्या मतदानात, भाजपचे सोयम बापूराव ५८,५६० मतांनी खासदार झाले. त्यांना ३,७७,३७४ मते पडली. नागेश दुसरे आणि तोवर काँग्रेसमध्ये गेलेले राठोड तिसरे आले, त्या दोघांमध्ये पाच हजार मतांचेही अंतर नव्हते. हा निकाल केवळ मोदी लाटेचा मानणे अपुरे ठरेल. गोंड मत एका बाजूला एकवटले, आणि भैंशासारख्या धार्मिक तणावाच्या गावांमुळे मुधोळ पट्ट्यात भाजपला जमीन आधीच तयार होती.

२०२३ च्या विधानसभेत ते कल उघड झाले: सिरपूर, आदिलाबाद, निर्मल व मुधोळ या चार जागा भाजपकडे. भाजपने जिंकलेल्या चारही जागा खुल्या आहेत. तिन्ही राखीव जागा भारत राष्ट्र समिती, म्हणजे पूर्वीची तेलंगण राष्ट्र समिती (दोन), व काँग्रेस (एक) यांच्याकडे गेल्या. २०२४ मध्ये भाजपने विद्यमान खासदाराला डावलून नुकत्याच पक्षात आलेल्या नागेश यांना उभे केले. काँग्रेसने सरकारी शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या आत्राम सुगुणा यांना, भारत राष्ट्र समितीने माजी आमदार आत्राम सक्कू यांना उमेदवारी दिली. तिघेही गोंड. नागेश ९०,६५२ मतांनी जिंकले. त्याच निवडणुकीत सीमेपलीकडच्या नांदेड, हिंगोली, चंद्रपूर व गडचिरोली-चिमूर या चारही जागा महायुतीने गमावल्या. सीमेच्या अलीकडची व पलीकडची सोयरीक मतपेटीपर्यंत पोहोचत नाही, असे म्हणायला हरकत नाही.

सीमेवरील परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा आदी गावे मात्र दोन्हीकडे मोजली जातात. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका व तेलंगणातील केरामेरी मंडळ या दोहोंचा त्यांच्यावर दावा आहे. शाळा, रेशनकार्डे व ग्रामपंचायतीही दोन-दोन. मतदार ओळखपत्रेही अनेकांकडे दोन राज्यांची असून विधानसभेला ते राजुऱ्यालाही मत देतात व आसिफाबादलाही. २०१९ च्या लोकसभेला चंद्रपूर व आदिलाबाद या दोन्हींचे मतदान ११ एप्रिल या एकाच दिवशी होते. २०२४ मध्ये चंद्रपूरला १९ एप्रिल आणि आदिलाबादला १३ मे ही तारीख पडली.