फुकटचा इंजिनिअर

आज 'सोल्युशन्स इंजिनिअर' या नोकरीचं मूळ बघूया. १९६०च्या दशकात अमेरिकेत आयबीएमचं मशीन भाड्यानं घेतलं की सिस्टिम्स इंजिनिअर सोबत यायचा, वेगळं बिल नाही. ग्राहकाच्याच ऑफिसात बसून तो त्यांचं काम मशीनवर बसवून द्यायचा. नवी पोरंही तिथंच, जुन्यांच्या शेजारी बसून शिकायची. जानेवारी १९६९मध्ये सरकारनं मक्तेदारीचा खटला भरला. २३ जूनला आयबीएमनं जाहीर केलं, की आता इंजिनिअरच्या वेळेचे पैसे वेगळे. स्वतंत्र सॉफ्टवेअर कंपन्यांना वाट मिळाली, हे सगळेच सांगतात. पण शिकाऊ पोराच्या तासाचे पैसे कुठला ग्राहक देणार हो? ती शेजारची खुर्चीच गेली. आणि गंमत बघा, विक्रीआधी डेमो देणाऱ्या आजच्या इंजिनिअरचे तास पुन्हा बिलात नसतातच.