चांदीचा कस आणि रुपयाचे मोल : चांदीतील बचतीचा ऐतिहासिक आढावा (१८३५ ते १९४७)

प्रस्तावना

चांदी हे भारतीय शेतकऱ्याच्या बचतीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे साधन होय. बँका व पतपेढ्या गावापर्यंत पोहोचण्यापूर्वी सुगीतील शिल्लक तोडे, वाळे, साखळ्या, करगोटे किंवा गाडग्यात पुरलेले रुपये या रूपांतच साठवली जात असे. या बचतीचे मोल केवळ धातूच्या शुद्धतेवर अवलंबून होते काय, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

कस, बट्टा आणि सराफ

पेशवाईत टांकसाळी बहुधा सरकारी परवान्याने खाजगी व्यक्तींकडून चालवल्या जात. त्यामुळे अंकुशी, चांदवडी अशा अनेक प्रकारच्या रुपयांचे चलन एकाच वेळी चालू असे. प्रत्येकाचे वजन व कस वेगळा. म्हणून देवघेवीत बट्टा लागे आणि तो ठरविण्याचे काम सराफ करी. नाणे हे येथे शिक्का मारलेल्या चांदीपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने एकच रुपया प्रमाण ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा (११.६६ ग्रॅम), आणि कस बारा भागांत अकरा भाग होता. त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम, असे. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन अल्प टांकणावळ देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. या मुक्त टंकनामुळे दागिना, लगड व रुपया यांचे मोल परस्परांशी बांधलेले राहिले. दागिन्यातील डाग, घट व सोनाराची मजुरी वजा जाता शेतकऱ्याला चांदीचा भाव नाण्याच्या हिशेबाने मिळे.

१८९३ : एक कस, दोन मोले

जर्मनीने १८७१ नंतर सुवर्णचलन स्वीकारले, इतर देशांनीही चांदीचे टंकन आवरते घेतले आणि अमेरिकेतील खाणींचे उत्पादन वाढले. परिणामी लंडनमध्ये औंसाला सुमारे ६० पेन्स असलेला चांदीचा भाव पुढील दोन दशकांत ४० पेन्सच्या खाली गेला. इंग्लंडकडे पाठवावयाच्या रकमेचा बोजा वाढत गेल्याने सरकार अडचणीत आले. हर्शेल समितीच्या शिफारशीनंतर जून १८९३ मध्ये टांकसाळी जनतेसाठी बंद करण्यात आल्या.

या निर्णयाचा अर्थ बचतदाराच्या बाजूने पाहिला पाहिजे. रुपयाचा कस तोच राहिला, परंतु त्याचे मोल आता चांदीवर नव्हे, तर त्याच्या मर्यादित पुरवठ्यावर ठरू लागले. १८९९ पर्यंत रुपयाचा विनिमय दर १६ पेन्सवर स्थिरावला होता. त्याच सुमारास लंडनमध्ये चांदीचा भाव औंसाला २७ पेन्सच्या आसपास होता. या भावाने रुपयातील चांदीची किंमत जेमतेम १० पेन्स भरते. म्हणजे ज्याची बचत नाण्यांत होती त्याचा रुपया सोळा आण्यांचाच राहिला. ज्याची बचत दागिन्यांत होती त्याच्या तितक्याच चांदीला, आयात जकात व वाहतूक यांमुळे पडणारा थोडा फरक सोडल्यास, सुमारे दहा आणे येऊ लागले.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी दख्खनची रयत होरपळली, तेव्हा हीच पुंजी विकण्याची वेळ आली. सारा मात्र रुपयांतच भरावा लागे. दादाभाई नौरोजी यांनी १८९८ च्या फाउलर समितीपुढे नेमका हाच आक्षेप मांडला : रुपया कृत्रिमरीत्या महाग केल्याने करदात्यावरील भार छुप्या रीतीने वाढतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) या ग्रंथात प्रश्नाचा वेगळा पैलू पुढे आणला. सोन्याशी असलेल्या विनिमय दरापेक्षा वस्तूंच्या संदर्भातील रुपयाची क्रयशक्ती स्थिर असणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले.

उलट फिरलेले चक्र

पहिल्या महायुद्धात चित्र पालटले. चांदीचा भाव औंसाला ४३ पेन्सच्या वर जाताच १६ पेन्सच्या रुपयातील धातू दर्शनी किमतीहून महाग झाला आणि रुपये वितळविणे लाभाचे ठरू लागले. १९१७ मध्ये सरकारला नाण्यांचा चलनाखेरीज अन्य उपयोग करण्यास बंदी घालावी लागली आणि त्याच वर्षी एक रुपयाची नोट आली. १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने आपल्या साठ्यातील सुमारे २० कोटी औंस चांदी भारतासाठी दिली.

दुसऱ्या महायुद्धात शासनाने कसालाच हात घातला. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मी राहिली. उरलेल्यात तांबे ४० टक्के, तर निकेल व जस्त प्रत्येकी ५ टक्के होते. दर्शनी किंमत एकच असल्याने लोकांनी हिणकस रुपये खर्च केले व चोख रुपये दडवून ठेवले. ग्रेशॅमच्या नियमाचे हे ठळक उदाहरण होय. १९४१ ते १९४३ या काळात जुने चोख रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून रद्द करण्यात आले आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. ‘राणीछाप’ रुपया पुन्हा केवळ चांदी म्हणून तोलला जाऊ लागला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, चांदीतील बचतीचे मोल कस, रूप आणि कायदा या तीन गोष्टींनी ठरत आले. १८९३ मध्ये कस कायम असूनही केवळ रूपामुळे बचतदाराचे नुकसान झाले. १९४० मध्ये रूप कायम राहून कस घटला. यांपैकी कस सराफाच्या कसोटीवर तपासता येतो. चांदीच्या वस्तूंसाठी २००५ पासून हॉलमार्कची सोयही उपलब्ध झाली आहे. कायद्यातील बदल मात्र कोणत्याही कसोटीवर आधी उमटत नाही. १८९३ चा निर्णय समित्यांच्या अहवालांत विनिमय दराचा प्रश्न म्हणून नोंदला गेला. तोडे घेऊन सराफाच्या पेढीवर आलेल्या शेतकऱ्याला तो रुपयामागे सहा आण्यांच्या तुटीच्या रूपाने समजला. चलनाच्या इतिहासात या दुसऱ्या नोंदीचाही विचार होणे आवश्यक आहे.