दवाखान्याच्या बाकावरचं बोलणं



बाळात काही व्यंग निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न आईलाच येतो, "ग्रहणात विळी धरली होतीस का गं?" आमच्या गटातही हा प्रश्न ऐकलेल्या आहेत. म्हणून आज १९४१ सालची, दूर ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट सांगतो.

सिडनी शहरात नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. मोतीबिंदू म्हणजे म्हातारपणाचं दुखणं. पण त्यांच्याकडे मोतीबिंदू असलेली तान्ही बाळंच येऊ लागली, एकामागून एक. 'घराण्यातून आलं असेल,' असं तेव्हाचे डॉक्टर म्हणत. सांगतात की, बाहेर बसलेल्या दोन आया आपसात बोलत होत्या : पोटुशी असताना आपल्याला जर्मन गोवर आला होता. ते ग्रेग यांच्या कानावर पडलं. मग त्यांनी प्रत्येक आईला विचारायला सुरुवात केली, इतर डॉक्टरांकडूनही माहिती मागवली. ७८ बाळांपैकी ६८ बाळांच्या आयांना गरोदरपणात हा आजार होऊन गेला होता, बहुतेकींना पहिल्या एक-दोन महिन्यांतच. कित्येक बाळांच्या हृदयातही दोष होता.

जर्मन गोवर म्हणजे रुबेला. आपला नेहमीचा गोवर वेगळा. रुबेलात थोडा ताप, बारीक पुरळ, कानामागे गाठी; तीन-चार दिवसांत बाई पुन्हा कामाला. आईचं एवढं हलकं दुखणं बाळाचे डोळे नेईल, हे मोठमोठ्या डॉक्टरांनाही पटेना. लंडनच्या नामांकित 'लॅन्सेट'ने १९४४ साली लिहिलं की, ग्रेग यांचं म्हणणं अजून सिद्ध झालेलं नाही. पण या मुलांत बहिरेपणही आढळलं होतं, आणि पुढे शंकेला जागा उरली नाही. बाकावरच्या बायांची नावं मात्र कुठे नोंदलेली आम्हाला सापडली नाहीत!

१९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बाळं असं व्यंग घेऊन जन्मली. लस आली १९६९ साली. आपल्याकडे नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली, आठवतं ना? आता ती बाळाला नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास मिळते. गरोदर बाईला ही लस देत नाहीत. घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. म्हणजे जे करायचं ते आधीच.

त्या वेळी अफवांना घाबरून आमच्या गावात काही मुली घरीच ठेवल्या होत्या. त्या आता लग्नाच्या झाल्यात. आशाताईंबरोबर आम्ही त्यांची यादी करायला घेतली आहे.