संकरित मोटार आणि शर्यतीची मोटार

जालना शहरांत ‘हायब्रिड’ हा शब्द मोटारीला लागण्यापूर्वीं बियाण्याला लागला. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘महिको’, स्थापन केली. तेव्हांपासून मराठवाड्यांतील शेतकऱ्याच्या बोलण्यांत हायब्रिड म्हणजे अधिक उतारा देणारें, परंतु दरसाल नव्यानें विकत घ्यावें लागणारें वाण, असा अर्थ रुळून गेला. बारवाले यांना १९९८ सालचें जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. पुढें हाच शब्द मोटारीच्या पेढींत येऊन बसला, आणि ग्राहकाचा प्रश्नहि तोच राहिला: उतारा किती? शेताचा उतारा एकरीं मोजतात, गाडीचा लिटरमागें किलोमीटरांत. एवढाच काय तो फरक.

पेट्रोल आणि वीज अशा दोन शक्तींवर चालणारी ती संकरित मोटार. तिचा लौकिक काटकसरीचा आहे. उलट, शर्यतीच्या धाटणीची वेगवान मोटार म्हणजे पेट्रोल पिणारें जनावर, असा सर्वांचा समज. दोन्ही समज पुष्कळ अंशीं खरे आहेत. परंतु कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या वेगानें, हें विचारल्यावांचून ते पुरते खरे ठरत नाहींत. या दोन वाणांचा इतिहास पाहिला तर आरंभींच एक गंमत आढळते. दोहोंच्या मुळाशीं एकाच माणसाचें नांव आहे.

व्हिएन्ना येथील लोनर यांच्या गाडीच्या कारखान्यांत फर्डिनांड पोर्श नांवाचा एक तरुण अभियंता काम करीत होता. त्यानें चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटरी बसवून एक गाडी बनविली व ती १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत मांडली गेली. शिशाच्या बॅटरीचें ओझें अवजड आणि पल्ला तोकडा. तेव्हां त्यानें त्याच सुमारास दोन लहान पेट्रोल इंजिनें बसविलीं. इंजिनांनीं जनित्र फिरवावें, जनित्रानें वीज द्यावी आणि विजेनें चाकें फिरवावीं, अशी योजना केली. हीच संकरित मोटारीची आद्य जात. याच पोर्शच्या नांवाची पहिली वेगवान मोटार, ‘३५६’, त्याच्या मुलानें १९४८ सालीं ऑस्ट्रियांतील एका खेड्यांत तयार केली. तिचें इंजिन अवघ्या अकराशें घनसेंटिमीटरांच्या आसपासचें, शक्ति सुमारें ३५ अश्वबळ आणि वजन सहाशें किलोंच्या आंतलें. तरी ती तासाला १३५ किलोमीटरपर्यंत धांवे. वेगवान म्हणजे उधळीच असें मुळांत नव्हतें. हलकेपणा आणि वाऱ्याला कापणारा आकार हेच तिचें भांडवल होतें. पुढें अश्वबळाची चढाओढ लागली आणि हें भांडवल मागें पडलें.

संकरित गाडीचें पुढें कांहीं झालें नाहीं, कारण पेट्रोल स्वस्त झालें. स्वस्त तेलाच्या दिवसांत काटकसरीच्या यंत्राला गिऱ्हाईक नसतें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें तेव्हां हिंदुस्थानांत मोटारींच्या पाठीमागें कोळशाच्या भट्ट्या बसवून त्यांच्या धुरावर गाड्या हांकाव्या लागल्या. ती युक्ति मात्र काटकसरीची नसून निव्वळ नाइलाजाची होती. १९७३ सालच्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धापाठोपाठ खनिज तेलाची पिंपामागें किंमत सुमारें तीन डॉलरांवरून कांहीं महिन्यांत बारांच्या घरांत गेली, आणि मग कोठें जगाला लिटरमागचा उतारा आठवला.

१९९७ च्या डिसेंबरांत जपानच्या टोयोटा कंपनीनें ‘प्रिअस’ ही गाडी विक्रीस काढली. त्याच वर्षीं या कंपनीनें किर्लोस्करांच्या भागीदारींत हिंदुस्थानांतील आपला उद्योग सुरू केला, हा योगायोग मराठी माणसानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. प्रिअस स्वतः मात्र येथें २०१० सालीं आली.

तिची करामत समजून घेण्यास एक साधें गणित पुरे. तेराशें किलोंची गाडी तासाला ६० किलोमीटर वेगानें चालली असतां तिच्या अंगांत जो जोर साठतो, तो निर्माण करण्यास सुमारें २० ते २५ मिलिलिटर पेट्रोल जळावें लागतें. चौकांत लाल दिवा लागला, चालकानें ब्रेक दाबला, कीं तो सर्व जोर ब्रेकच्या पट्ट्या तापवून हवेंत जातो. गांवांतून जातांना वीस वेळां असें घडलें तर जवळजवळ अर्धा लिटर पेट्रोल केवळ ब्रेक तापविण्यांत गेलें. संकरित गाडी ब्रेक लावतांना आपली विजेची मोटर उलट जनित्रासारखी वापरते आणि त्या जोराचा बराच भाग बॅटरींत परत घेते. शिवाय थांबल्यावर इंजिन बंद ठेवते, आणि कांसवगतीनें सरकतांना विजेवर सरकते. म्हणजे तिचें सर्व कसब थांबण्यांत आहे! जेथें थांबणें नाहीं, तेथें परत मिळविण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं. तेथें वैरी निराळा. तो म्हणजे वारा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. तासाला ८० ऐवजीं १२० ची चाल धरली कीं हा विरोध सव्वादोन पट होतो, आणि त्यापुढें बॅटरीचें शहाणपण चालत नाहीं.

आतां आंकडे पाहूं. अमेरिकेंतील सरकारी खात्यानें प्रिअसला आरंभीं शहरांत गॅलनला ६० मैल आणि महामार्गावर ५१ मैल असा दाखला दिला होता. आपल्या मापांत लिटरला अनुक्रमें सुमारें साडेपंचवीस व पावणेबावीस किलोमीटर. विकत घेणाऱ्यांना प्रत्यक्षांत तेवढें मिळेना. तेव्हां २००८ च्या गाड्यांपासून त्या खात्यानें चांचणींत मोठा वेग, थंडी आणि वातानुकूलन यांचा समावेश केला, आणि प्रिअसचे आंकडे ४८ व ४५ वर आले. म्हणजे लिटरला सुमारें वीस व एकोणीस. शहरांतला आंकडा महामार्गावरच्या आंकड्याहून मोठा, ही उलटी रीत संकरित जातीचीच. त्याच पद्धतीनें बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या ‘एम ३’ या चार लिटर इंजिनाच्या वेगवान गाडीला शहर-महामार्ग मिळून गॅलनला १६ मैल, म्हणजे लिटरला पावणेसात किलोमीटर मिळाले. सरळ हिशेबानें एकीचा उतारा दुसरीच्या जवळजवळ तिप्पट.

परंतु त्याच २००८ च्या जून महिन्यांत इंग्लंडमधील ‘टॉप गिअर’ या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमानें एक खोडसाळ प्रयोग केला. शर्यतीच्या मार्गावर प्रिअस जितकी धांवेल तितक्या वेगानें दहा फेऱ्या पळविली आणि एम ३ ला केवळ तिच्या मागोमाग ठेवलें. प्रिअसनें गॅलनला १७.२ मैल दिले, एम ३ नें १९.४. आपल्या मापांत लिटरला सहा आणि सुमारें ६.९ किलोमीटर. या निकालावरून पुष्कळांनीं संकरित गाडीचा बोजवारा उडाल्याची दवंडी पिटली. ती अन्यायाची होती. दमछाक होईपर्यंत धांवणारा लहान बैल आणि त्याच्या मागून रमतगमत चालणारा मोठा बैल यांच्या वैरणीची ही तुलना झाली. मोठा बैल आपल्या पुऱ्या दमानें धांवता तर त्याची वैरण किती लागती हें त्या प्रयोगांत पाहिलेंच नाहीं. तथापि एक गोष्ट त्यानें निर्विवाद दाखविली. एकच प्रिअस एका चालकाच्या हातीं वीस किलोमीटर देते आणि दुसऱ्याच्या हातीं सहा. पायाखालच्या दट्ट्याएवढा मोठा भेद इंजिनाच्या जातींतहि क्वचितच असतो.

त्याच महिन्यांत ‘सायन्स’ या नियतकालिकांत अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक व सोल या दोघां अध्यापकांनीं दुसरा एक भ्रम उघडकीस आणला. लिटरमागें किलोमीटर ही भाषाच फसवी आहे. एका गाडीचा उतारा ६ वरून ८ झाला आणि दुसरीचा २० वरून २५, तर कोणासहि दुसरी सुधारणा मोठी वाटेल. परंतु हजार किलोमीटरांच्या प्रवासांत पहिलीनें सुमारें ४२ लिटर वांचतात, दुसरीनें अवघे १०. म्हणून उधळ्या गाडीची थोडी सुधारणा ही काटकसरी गाडीच्या मोठ्या सुधारणेहून देशाच्या तिजोरीला अधिक हितकर असते. ही गोष्ट गाडीच्या जाहिरातींत सांपडणार नाहीं.

आपल्याकडे उताऱ्याचा दाखला देणारी संस्था पुण्यास आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६. तेथें गाडी रस्त्यावर धांवत नाहीं. ती रुळांवर उभी करून सुमारें वीस मिनिटांच्या एका ठराविक वेळापत्रकाप्रमाणें चालविली जाते. त्यांत थांबणें, निघणें, पुन्हां थांबणें असतें आणि वेग तासाला ९० किलोमीटरांवर जात नाहीं. २०२२ सालीं आलेल्या मारुतीच्या ग्रँड व्हिटारा या संकरित गाडीला या पद्धतीनें लिटरला २७.९७ किलोमीटर मिळाले. आंकडा खोटा नाहीं. परंतु ज्या वेळापत्रकांत थांबणें पुष्कळ व वेग बेताचा, तें वेळापत्रक संकरित गाडीचें माहेरच होय.

जालन्याचा रस्ता मात्र दोन तऱ्हांचा आहे. एक जुना: मोंढ्यांतून निघावें, बदनापूर, करमाड, शेंद्रा, चिकलठाणा असें करीत छत्रपती संभाजीनगरास जावें. वाटेंत गतिरोधक, कापसाच्या गाड्या, शाळा सुटलेलीं मुलें आणि मधोमध बसलेलीं गुरें. येथें पायरी-पायरीला ब्रेक, आणि ब्रेक म्हणजे संकरित गाडीची कमाई. दुसरा नवा: नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग. जालना व बदनापूर तालुक्यांतून जाणाऱ्या या ७०१ किलोमीटरांच्या मार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि शेवटचा ५ जून २०२५ रोजीं. मोटारींस वेगाची मर्यादा १२०. येथें तासन् तास ब्रेकला पाय लागत नाहीं. सारा पैसा वाऱ्याशीं झुंजण्यांत जातो.

या दोन रस्त्यांवर घरच्या खर्चाचा मेळ कसा बसतो? उदाहरणादाखल धरूं कीं संकरित गाडीला साध्या गाडीपेक्षां अडीच लाख रुपये अधिक पडले, वर्षाचा प्रवास १५,००० किलोमीटर आहे आणि पेट्रोल लिटरला १०० रुपये. गांवांत व जुन्या रस्त्यावर साधी गाडी १२ देते व संकरित २२, असें मानलें तर वर्षास सुमारें ५६८ लिटर, म्हणजे ५६,८०० रुपये वांचतात आणि साडेचार वर्षांत वाढीव मोल वसूल होतें. तोच सारा प्रवास महामार्गावर भरधांव झाला आणि अंतर १६ विरुद्ध १९ एवढेंच उरलें, तर वर्षाची बचत १४८ लिटरांची. मोल फिटण्यास सतरा वर्षें लागतील. तोंवर गाडी भंगारांत निघून जालन्याच्याच एखाद्या लोखंडाच्या भट्टींत वितळलेली असावयाची. घेणारा रोज मोंढ्यांतून फिरणारा आहे कीं आठवड्याला मुंबई गांठणारा, यावर सर्व अवलंबून.

वेगवान गाडीचा प्रयोग मराठी मुलुखाच्या शेजारीं एकदां अगदीं निराळ्या अंगानें झाला होता. १९९८ च्या सुमारास गोव्यांत ‘सॅन स्टॉर्म’ नांवाची दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार तयार होऊं लागली. अंग कांचतंतूंचें, इंजिन रेनॉचें सुमारें साडेअकराशें घनसेंटिमीटरांचें, शक्ति साठ अश्वबळ. पोर्शच्या पहिल्या गाडीचीच ही वृत्ति; हलकें अंग आणि लहान इंजिन. ती फारशी खपली नाहीं, कारण चौघांचें कुटुंब तींत मावत नव्हतें.

पुण्याच्या के. पी. आय. टी. कमिन्स या कंपनीनें २०१० सालीं ‘रेव्होलो’ या नांवाचें एक साहित्य पुढें आणलें. जुन्याच गाडीला विजेची मोटर व बॅटरी जोडून ती संकरित करावयाची, असा तो बेत. कल्पना वर सांगितलेल्या हिशेबाला धरूनच होती. उधळी गाडी सुधारली कीं लिटर अधिक वांचतात. परंतु घरोघरच्या गाड्यांना ती बसलेली कांहीं दिसली नाहीं. नवी गाडी विकणें हें जुनी सुधारण्यापेक्षां धंद्याला सोपें पडतें.

पोर्शच्या घराण्यानें मात्र फिरून मूळ धरलें. २०१३ सालीं त्या कंपनीनें ‘९१८ स्पायडर’ ही अत्यंत वेगवान मोटार बाजारांत आणली, आणि ती संकरित होती. शर्यतीच्या गाडींत बॅटरी आली ती काटकसरीसाठीं नव्हे, तर उसळीसाठीं; विजेची मोटर पहिल्या क्षणापासूनच पूर्ण जोर देते म्हणून. ज्या दोन वाटा एका घराण्याच्या हातून निघाल्या, त्या अशा रीतीनें एकत्र आल्या.

३१ जुलै २०२४ रोजीं टोयोटा किर्लोस्कर कंपनीनें महाराष्ट्र सरकारशीं सामंजस्य करार केला. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीन येथें सुमारें वीस हजार कोटी रुपयांचा मोटारींचा कारखाना उभारावा, असा त्याचा विषय असून तेथें संकरित आणि विजेच्या गाड्या बनविण्याचा कंपनीचा मनोदय त्या वेळीं जाहीर झाला. जालन्याच्या बियाणें-बाजारापासून ही जागा मोटारीनें दोन तासांच्या आंत येते.