पुलगाव–आर्वी नॅरोगेज : वर्धा जिल्ह्यातील बाष्पयुगाचा उपेक्षित वारसा

वर्धा जिल्ह्याचा इतिहास लिहिताना चरखा, खादी आणि सेवाग्राम यांना अग्रस्थान मिळणे स्वाभाविक आहे. १९३८ साली महात्मा गांधींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयाने ग्रामोद्योगाची साधने जपली. ज्या यंत्रयुगाला ही चळवळ उत्तर देत होती, त्याच्या याच जिल्ह्यातील खुणांकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही.

हे यंत्रयुग येथे कापसामागून आले. १८६२ मध्ये जिल्हा स्वतंत्र झाला. पुलगावजवळील कवठा येथील मुख्यालय १८६६ मध्ये पालकवाडीला हलविण्यात आले आणि तेथे वर्धा शहर वसले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. हिंगणघाटच्या कापसाची ख्याती इंग्लंडच्या बाजारापर्यंत होती. पुढे हिंगणघाट व पुलगाव येथे कापड गिरण्या उभ्या राहिल्या. आर्वीची कापूसपेठ मुख्य मार्गापासून दूर होती. ती १९१७ मध्ये सुमारे ३५ किलोमीटरच्या, ७६२ मिलिमीटर मापाच्या रुळांनी पुलगावशी जोडली गेली. हा मार्ग किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ याच कंपनीची. तिचे मँचेस्टरला घडलेले बाष्पइंजिन १९९४ पर्यंत धावले आणि नंतर डिझेल आले. आर्वीची गाडीही कालांतराने थांबली. तिच्या वाट्याला ‘शकुंतले’इतकी प्रसिद्धीदेखील आली नाही.

जतनाचे प्रयत्न इतरत्र झालेले आहेत. वेल्समधील टॅलिलिन हा खाणीच्या पाटीदगडाची वाहतूक करणारा अरुंद मार्ग १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवावयास घेतला. भारतात १९९९ मध्ये इंडियन स्टीम रेल्वे सोसायटी स्थापन झाली, तर नागपूरच्या मोतीबागेत २००२ मध्ये नॅरोगेज संग्रहालय उघडले. संग्रहालयाचे मोल कमी नाही; पण तेथे इंजिन पोहोचते, मार्ग पोहोचत नाही. टॅलिलिनच्या स्वयंसेवकांनी इंजिनांबरोबर स्थानके, कार्यशाळा आणि कामाची रीतही राखली. आर्वीच्या बाबतीत इंजिनापेक्षा जिनिंग-प्रेसिंग, गाठी, मालधक्का आणि गाडी यांची साखळी अधिक महत्त्वाची आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ही साखळी जुळविण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. जिनिंग कारखान्यांच्या वह्या, बाजार समितीचे दप्तर आणि रेल्वे कामगारांच्या मुलाखती हे काम महाविद्यालयीन इतिहास विभागांच्या आवाक्यातले आहे. त्यांतही मुलाखती आधी घ्याव्या लागतील. बाष्पइंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकलेले फायरमन आता उतारवयात आहेत.