लाकडाचे कातकाम : भिंगार-नगर परिसरातील नवशिक्यासाठी

कातकाम म्हणजे फिरत्या लाकडावर धारदार हत्यार धरून त्याला गोल घाट देण्याचे काम. सुतारकामात लाकूड जागेवर असते आणि हत्यार चालते. कातकामात लाकूड फिरते आणि हत्यार आधारावर टेकलेले असते. लाटणे, भोवरा, पलंगाचे पाय, पाळण्याचे व देव्हाऱ्याचे खांब, बुद्धिबळातील प्यादी, कुंकवाचा करंडा या वस्तू याच कामातून येतात. परंपरेने हे काम करणाऱ्या कारागिरांना महाराष्ट्रात कातारी म्हणतात.

जुना लेथ, म्हणजे लाकूड फिरवणारे यंत्र, हातानेच चाले. कातारी जमिनीवर बसून लाकडाचा तुकडा दोन खुंट्यांच्या टोकांमध्ये पेलतो, कमानीची दोरी त्याला गुंडाळतो, एका हाताने कमान पुढेमागे ओढतो आणि दुसऱ्या हातातील हत्याराला पायाच्या बोटांचा आधार देतो. लाकूड आळीपाळीने उलटसुलट फिरत असल्यामुळे त्याला एकाच फेऱ्यात कापता येते. परतीच्या फेऱ्यात हत्यार किंचित मागे घ्यावे लागते. विजेच्या मोटरीने ही अडचण संपवली. लाखकामही लेथवरच होते: फिरत्या वस्तूवर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, मग केवड्याच्या पानाने घोटून तिला चकाकी आणतात. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी अशीच रंगतात. महाराष्ट्रात सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठी आणि लाखकामासाठी नावाजलेली आहे.

भिंगार हे अहमदनगर (आता अहिल्यानगर) शहराला लागून असलेले, लष्करी छावणीच्या शेजारचे गाव. नगरला हस्तकौशल्याच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने येथे 1831 मध्ये काम सुरू केले. पुढे या मिशनची सर डी. एम. पेटिट स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्ट्स ही शाळा नगरमध्ये उभी राहिली आणि तिथे मुले सुतारकामासारखे धंदे शिकली. आज हे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे आहे. मात्र प्रवेश घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन वर्षांचा ‘टर्नर’ हा अभ्यासक्रम धातूच्या लेथचा आहे. लाकडाची ओळख हवी असेल तर सुतारकामाकडे जावे.

लाकडाच्या बाबतीत भिंगारची हवा शिकणाऱ्याची परीक्षा पाहते. हा पर्जन्यछायेचा, कोरडा मुलूख. ताजे तोडलेले ओंडके उन्हाळ्यात टोकांकडून झपाट्याने वाळतात आणि तिथेच तडकतात, म्हणून तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावून ते सावलीत ठेवावेत. बाभूळ या भागात मुबलक. बैलगाडीच्या चाकासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले हे लाकूड चिवट, जड आणि कातल्यावर देखणे दिसते. पण कोरडी बाभूळ हत्याराची धार लवकर खाते. पहिल्या तुकड्यांसाठी आंबा बरा. साग सहज मिळतो, मात्र वखारीतल्या जुन्या तुकड्यांत खिळे राहिलेले असतात, ते आधी शोधून काढावेत.

पहिली वस्तू म्हणून लाटण्याइतकी चांगली दुसरी नाही. सव्वा फूट लांब, दीड इंच जाडीचा, उभ्या तंतूंचा चौरस तुकडा घ्यावा. दोन्ही टोकांवर कर्ण आखून मध्य काढावा आणि त्या मध्यांवर तो हेडस्टॉक (लेथचे फिरवणारे टोक) व टेलस्टॉक (समोरचे आधाराचे टोक) यांच्यात घट्ट बसवावा. टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, लाकडाच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणावी, मग लाकूड एकदा हाताने फिरवून ते कुठे घासत नाही ना हे पाहावे. आधी रुंद गोल पटाशीने चारी कोपरे उतरवायचे. हत्यार प्रथम रेस्टवर टेकते, नंतर धारेमागची उतरती पाठ लाकडावर घासते आणि शेवटी मूठ हळूहळू उचलली की धार कापू लागते. सगळे कातकाम या तीन पायऱ्यांवर उभे आहे. पाठीचा आधार सुटून नुसती धार घुसली तर हत्यार लाकडात अडकते, जोराचा झटका बसतो आणि तुकडा उडू शकतो. कापायचे ते नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे, म्हणजे तंतू उपटत नाहीत.

वेगाचा ठोकताळा असा: इंचातला व्यास आणि मिनिटाला होणारे फेरे यांचा गुणाकार 6,000 ते 9,000 यांच्या दरम्यान यावा. दहा इंची वाडग्याला 600 ते 900 फेरे होतात. नवशिक्याने याच्याही खाली राहावे आणि चौरस तुकडा गोल होईपर्यंत सर्वांत कमी वेग ठेवावा. वाडग्याची घाई तर मुळीच करू नये. त्यात तंतू दर फेऱ्यात दोनदा दिशा बदलतात, आणि कोपरे उतरवायची रुंद गोल पटाशी तिथे वापरली तर तिचा मुठीत शिरणारा बारीक दांडा मोडतो.

बहुतेकांचे शिकणे अडते ते धारेपाशी. बोथट हत्यार दाबावे लागते, दाबले की ते अडकते, आणि शिकणारा लेथलाच घाबरू लागतो. म्हणून पहिला खर्च उत्तम सहाणयंत्रावर करावा. लेथ जुना घेतला तरी चालतो. चांगली धार असली की लाकडाच्या लांब वळ्या निघतात. भुसा उडू लागला की थांबून धार लावावी.

सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, अंगठी आणि हातमोजे लेथजवळ चालत नाहीत. नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी ढाल हवी. शिसवाची धूळ काहींच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते, म्हणून पॉलिश पेपर मारताना मास्क लावावा. त्या वेळी टूल रेस्ट काढून ठेवावी आणि कापड कधीही बोटांना गुंडाळू नये.

लाटण्याला रंग किंवा लाख लावू नये, जवसाचे तेल चोळून वाळवावे. मग लाटणे पोळपाटावर ठेवून ढकलावे: मधल्या भागात कुठेही फट न दिसता सरळ फिरले, तर पुढच्या वस्तूला हात घालावा.